पोट दाखवते, पण हात लावू देत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बदली होऊन परगावी निघालेल्या एका कुटुंबाकडून तुम्ही दोन वर्षांची, नसबंदी झालेली मांजरी ११ दिवसांपूर्वी घरी आणली. ती दिवसभर पलंगाखाली असते आणि रात्री घर शांत झाल्यावर बाहेर येते. तुमच्या पायांना अंग घासते, समोर लोळून पोट वर करते, पण पोटाला हात लावला की पुढच्या पायांनी मनगट धरून चावते. मांडीला टेकून घुरघुर करते आणि त्याच वेळी शेपटी आपटते. सासूबाई समोर आल्या की फिस्कारते. ही रागीट आहे का, आणि आम्ही तिला आवडतो की नाही, असे तुम्ही विचारले आहे.

एक गोष्ट सर्वांत आधी सांगते. चावल्याने मनगटाची कातडी फुटली असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. तसे केले नसेल तर आज करावे. मांजराचे सुळे सुईसारखे असतात, त्यामुळे वरून टिंबाएवढी दिसणारी जखम आत खोल गेलेली असते आणि एक-दोन दिवसांत तिच्यात पू होऊ शकतो. शिवाय आपल्या देशात रेबीज अजून आहे. आधीच्या कुटुंबाकडून मांजरीचे लसीकरणाचे कार्ड मागवून घ्या, मात्र तुम्हाला लस घ्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या, कार्ड पाहून घरी ठरवू नका.

आता मूळ मुद्दा. मी पुण्यात १९ वर्षे पशुवैद्यक म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत मांजरेच अधिक असतात. तुमच्यासारखा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्याला हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही, कारण नव्या घरात आलेल्या मांजरीच्या मनात दोन इच्छा एकाच वेळी असतात. तुमच्याजवळ यावे असे तिला वाटते आणि वेळ आली तर निसटता यावे असेही वाटते. तुम्हाला जी वागणूक विसंगत दिसते, तिच्यात बहुतेक वेळा या दोन्ही इच्छा एकत्र उमटलेल्या असतात. म्हणून शेपटीचा अर्थ अमुक आणि कानाचा अर्थ तमुक असा तक्ता पाठ करायला मी कोणाला सांगत नाही. मी विचारते की ही हालचाल होण्याच्या अर्धा मिनिट आधी काय घडले, तेव्हा मांजर तुमच्यापासून किती अंतरावर होते, आणि ते अंतर कोणी कमी केले, मांजराने की तुम्ही. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बहुतेक कोडी सुटतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही मान्य केले पाहिजे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसांचा हात किती आणि कसा लागला, याचा परिणाम जन्मभर टिकतो. हिचे ते वय कुठे गेले, हे कदाचित आधीच्या कुटुंबालाही माहीत नसेल. त्या घरात लहान मुले होती का, कुत्रा होता का, तिला उचलून घेण्याची सवय होती की नाही, यावरही पुष्कळ ठरते. ही माहिती फोन करून जरूर विचारा. मी पुढे जे सांगणार आहे ते तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून आहे, मांजरी मी पाहिलेली नाही, एवढे ध्यानात असू द्या.

घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेतील आणि पश्चिम आशियातील रानमांजर. ते एकटे शिकार करते, पण आकाराने लहान असल्यामुळे मोठे प्राणी त्याचीही शिकार करतात. एकट्याने जगणाऱ्या अशा प्राण्याला आपली हद्द मुख्यतः वासाने कळते. तुमच्या घरी आली तेव्हा या मांजरीला एकही कोपरा, एकही खुर्ची ओळखीच्या वासाची मिळाली नाही. ती तुमच्या पायांना गाल आणि अंग घासते, त्या वेळी गाल, हनुवटी, कपाळ आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींचा वास तुम्हाला लावत असते. म्हणजे तुम्हाला ती आपल्या ओळखीच्या वस्तूंत सामील करून घेत आहे. ही फार चांगली खूण आहे आणि अकराव्या दिवशी दिसते आहे, याचा मला आनंद वाटतो. मात्र त्यात ‘आता मला कुरवाळा’ अशी मागणी असेलच असे नाही. ती जवळ येऊन स्वतःचे काम करून जाते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण वाकून हात पुढे करतो.

याच कारणासाठी ती जिथे अंग घासते ते दाराचे कोपरे, पलंगाचे पाय वगैरे काही दिवस पुसू नका. आपल्याकडे रोज फिनाईल टाकून लादी पुसण्याची पद्धत आहे. त्यात तिने लावलेला वास रोज निघून जातो आणि तिला रोज नव्याने सुरुवात करावी लागते. शिवाय फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही, आणि ओल्या लादीवरून चालून पंजे चाटले की ती द्रव्ये पोटात जातात. लादी साध्या पाण्याने किंवा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसली तरी चालेल.

पोट दाखवण्याचे कोडे आपण कुत्र्यावरून मांजर समजून घेतो म्हणून पडते. ओळखीचा कुत्रा उताणा पडतो तेव्हा पुष्कळदा त्याला पोट खाजवून हवे असते. मांजर तुमच्यासमोर लोळते ते अभिवादन म्हणून. शरीराचा सर्वांत नाजूक भाग उघडा टाकून ती सांगत असते की एवढ्या अंतरावरून मला तुमची भीती वाटत नाही. यात ‘एवढ्या अंतरावरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हात पोटावर आला की अंतर संपते, आणि उताण्या मांजराला बचावाचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चारही पंजे आणि दात. मनगट धरून चावणे ही प्रतिक्रिया इतकी आतून येते की प्रेमळ, जुनी, घरात वाढलेली मांजरेही ती देतात. त्यामुळे तुमच्या मांजरीला यावरून रागीट म्हणता येणार नाही. ती लोळली की बसल्या जागी बसून राहा, हळू आवाजात तिचे नाव घ्या आणि नजर थोडी बाजूला वळवा. माझ्या अनुभवात बरीच मांजरे अशा वेळी उठून स्वतःहून हाताला डोके लावतात, कारण आता अंतर कमी करणारी ती असतात.

घुरघुर आणि आपटणारी शेपटी एकत्र कशी, हे जवळून पाहण्यासारखे आहे. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी मोबाइलवर चित्रण करायला सांगते आणि मग आम्ही ते संथ गतीने बघतो. बहुतेक चित्रणांत क्रम असाच दिसतो. पहिले दोन-तीन वेळा हात पाठीवरून फिरतो तेव्हा मांजर अंग सैल सोडून बसलेले असते. मग कमरेजवळची कातडी एकदा शहारते, पाण्यावर लाट जावी तशी. शेपटीचे फक्त टोक हलू लागते. एक कान पुढेच राहतो आणि दुसरा किंचित मागे वळतो. घुरघुर क्षणभर थांबते, किंवा तिचा सूर बदलतो. हाताचा फेरा पुन्हा कमरेपर्यंत जातो, आता पूर्ण शेपटी जमिनीवर आपटते, डोके झटकन हाताकडे वळते आणि दात लागतात. हे सगळे सात-आठ सेकंदांत घडते. पालकांना ते ‘अचानक चावली’ असे वाटते, पण तोवर मांजरीने चार-पाच वेळा पुरे झाले असे सांगितलेले असते.

मग घुरघुर कशासाठी? घुरघुर म्हणजे समाधान हे समीकरण अर्धेच खरे आहे. पिल्लू आईला पिताना घुरघुरते, मोठे मांजर उबेत घुरघुरते, पण वेदनेत आणि भीतीतही मांजर घुरघुरते. तिसऱ्या मजल्यावरून पडून मांडीचे हाड मोडलेला एक बोका माझ्या टेबलावर, एक्स-रे काढेपर्यंत सलग घुरघुरत होता. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण फाकलेल्या होत्या आणि पुढचे दोन्ही पंजे टेबलाच्या कडेला घट्ट रुतले होते. त्यामुळे एकट्या घुरघुरीवर विसंबू नये, सोबत बाकीचे शरीर पाहावे. (असे पडणे टाळण्यासाठी फ्लॅटच्या खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी आजच लावून घ्या, नवे मांजर बाहेरचा मार्ग शोधत असते.) तुमच्या बाबतीत मला वाटते की तिला तुमची ऊब हवी आहे आणि हाताचा स्पर्श मात्र अजून जास्त होतो आहे. मांडीला टेकून बसू द्या, पण हात फिरवायचा तर फक्त गालांवर, हनुवटीखाली आणि कान व डोळा यांमधल्या भागावर, तोही तीनदा फिरवून थांबवा. थांबल्यावर तिने डोके पुढे केले तर पुन्हा तीनदा, आणि दुसरीकडे पाहिले तर तिथेच संपवा. पाठीच्या खालच्या भागाला आणि शेपटीच्या मुळाला सध्या हात नको.

शेपटीबद्दल एवढेच लक्षात ठेवा की मांजराची हलणारी शेपटी कुत्र्याच्या शेपटीसारखी वाचता येत नाही. जोराने इकडून तिकडे आपटणारी शेपटी म्हणजे मन दोन्हीकडे ओढले जात आहे किंवा चीड येऊ लागली आहे. उलट शेपटी सरळ उभी आणि टोकाला किंचित आकडा, ही मैत्रीची खात्रीशीर खूण. पिल्ले आईकडे जाताना अशीच शेपटी उभारतात. उभी शेपटी थरथरत असेल आणि मांजर तुमच्याकडे येत असेल तर तो भेटीचा आनंद असतो. तीच थरथर भिंतीकडे पाठ करून होत असेल, तर मात्र भिंत ओली झाली आहे का ते पाहा, कारण लघवीचा फवारा मारतानाही शेपटी तशीच थरथरते आणि नसबंदी झालेल्या मांजरीही ताणाखाली असे करू शकतात.

डोळ्यांच्या बाबतीत आपल्या भाषेने मांजरावर थोडा अन्यायच केला आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते असे आपण लबाडी दाखवण्यासाठी म्हणतो. खरे तर आपल्यासमोर डोळे अर्धवट मिटणारे मांजर आपल्यावर विश्वास टाकत असते, कारण धोका वाटणारा प्राणी डोळे उघडेच ठेवतो. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिले. माणसाने मांजराकडे पाहत डोळे हळूहळू मिटले आणि उघडले, तर मांजरेही डोळे बारीक करून प्रतिसाद देतात, आणि अनोळखी माणसाने आधी असे केले तर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे येण्याची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले. ती पलंगाखालून पाहत असेल तेव्हा तुम्ही जमिनीवर, थोडे तिरके बसून हे करून पाहा. रोखून पाहणे मात्र तिला आव्हान वाटते. बाहुल्या मोठ्या दिसल्या म्हणून लगेच घाबरून जाऊ नका. रात्रीच्या मंद प्रकाशात त्या मोठ्याच असणार. दिवा चालू असूनही मोठ्या असतील आणि कान बाजूला पसरून चपटे झाले असतील, तर तिथून उठून जा.

आता सासूबाई. फिस्कारण्यात वैर नसते, भीती असते आणि इशारा असतो. मांजरीच्या जागी बसून पाहा. स्वयंपाकघरातून येणाऱ्या व्यक्तीबरोबर फोडणीचा वास येतो, कुकरच्या शिट्टीच्या आणि मिक्सरच्या आवाजाची आठवण येते, साडीचा पदर हलतो, आणि मोठी माणसे प्रेमाने बोलतानाही वरून वाकून बोलतात. पलंगाखालच्या प्राण्याला वरून वाकलेली आकृती नेहमीच मोठी वाटते. अजून एक शक्यता तपासा. सासूबाई खाली सोसायटीतल्या मांजरांना किंवा कुत्र्यांना खाऊ घालतात का? त्यांच्या पदराला किंवा पायांना दुसऱ्या प्राण्याचा वास येत असेल, तर फिस्कारणे त्या वासावर असू शकते, सासूबाईंवर नव्हे. तसे असेल तर वर आल्यावर हातपाय धुऊन मगच त्या खोलीत जायचे.

फिस्कारल्याबद्दल तिला रागावू नका, टाळी वाजवू नका, पाणी तर अजिबात उडवू नका. इशारा देणारे मांजर चावण्याआधी तुम्हाला संधी देत असते. शिक्षा केली की इशारा बंद होतो, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी सरळ चावा येतो. सासूबाईंना तिच्यापासून दूर ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण त्याने ओळख होतच नाही. संध्याकाळचे खाणे सासूबाईंनी ठेवावे. ताटली ठेवायची, तिच्याकडे न पाहता दोन-तीन मीटरवर खुर्चीत बसायचे, हवे तर वाती वळत किंवा पेपर वाचत, आणि तिचे खाऊन झाले की उठायचे. तिला बोलवायचे नाही. त्यांना वाईट वाटत असेल तर हेही सांगा की मांजरी त्यांना नाकारत नाही, तिला फक्त त्यांच्या येण्याजाण्याचा अंदाज यायला हवा.

पलंगाखालून तिला ओढून काढू नका, हे बहुधा तुम्हाला ठाऊक आहे, पण त्यामागचे कारण सांगते. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोके दिले आणि काहींना दिले नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खोके मिळालेली मांजरे पहिल्या काही दिवसांतच अधिक शांत झाली. लपायला मिळाले म्हणून मांजर जास्त भित्रे होत नाही. उलट लपण्याची खात्री असली की ते बाहेर येण्याचे धाडस करते. पलंगाजवळ पुठ्ठ्याचे एक खोके दोन बाजूंनी दार कापून ठेवा, म्हणजे आत कोंडले गेल्याची भावना येणार नाही, आणि कपाटावर चढायला एखादे टेबल सरकवून द्या. उंचावरून घर पाहता आले तर बरीच मांजरे लवकर निवांत होतात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर अंग घासणे, लोळणे, तुमच्या मांडीला टेकणे या खुणा ओळख वाढत असल्याच्या आहेत, आणि चावणे, शेपटी आपटणे, फिस्कारणे या खुणा अंतर नको तितके कमी झाल्याच्या आहेत. दोन्ही खऱ्या आहेत.

यानंतरचा भाग मात्र काळजीपूर्वक वाचा, कारण नव्या घराची भीती आणि आजार बाहेरून सारखेच दिसू शकतात. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंचा फोन आला होता. नुकताच आणलेला बोका लिटरच्या, म्हणजे शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या, ट्रेमध्येच बसून राहतो, असे त्या म्हणाल्या. घाबरलेली मांजरे ट्रेमध्ये लपतात हे मी पाहिले होते, म्हणून घाबरला असेल, दोन दिवस जाऊ द्या, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्याला आणले तेव्हा त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला होता आणि मूत्राशय मोसंबीएवढे कडक लागत होते. नळी घालून, सलाइन देऊन तो वाचला. ती चूक माझी होती. लघवी झाली का, हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. आता नव्या मांजराबद्दल कोणी काहीही विचारले तरी मी तो आधी विचारते. बोक्यांत हा धोका मोठा असतो. मांजरींत मूत्रमार्ग सहसा बंद होत नाही, पण घर बदलल्याच्या ताणाने मूत्राशयाला सूज येते, तेव्हा तुमच्या मांजरीच्या ट्रेमध्ये रोज लघवीचे किती गोळे होतात ते मोजा.

तिने २४ तास काहीच खाल्ले नाही तर वाट पाहू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकते. तोंड उघडून श्वास घेणे हे मांजरात केव्हाही तातडीचे लक्षण समजावे. ती गाढ झोपलेली असताना छातीचे वरखाली होणे मोजले तर मिनिटाला ३० च्या आत असायला हवे. सतत त्याहून जास्त येत असेल तर दाखवून घ्या. वेदना ओळखण्यासाठी माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून गुण देण्याची एक पद्धत मांडली, ती मी रोज वापरते. कानांची जागा, डोळे किती आवळले आहेत, तोंडाभोवतालचा ताण, मिशा आणि डोक्याची उंची या प्रत्येकाला ० ते २ गुण द्यायचे असतात. घरी तुम्हाला गुण देत बसण्याची गरज नाही. पण डोळे बारीक असताना कान एकमेकांपासून दूर झालेले, मिशा सरळ ताठ आणि डोके खांद्यांच्या खाली गेलेले दिसले, तर ते डोळे मिटणे विश्वासाचे नाही, दुखण्याचे आहे. अंग चाटून स्वच्छ करणे तिने बंद केले असेल, तर तेही मला कळायला हवे. आणि दूध देत असाल तर थांबवा. मोठ्या मांजरांना ते पुष्कळदा पचत नाही, जुलाब होतात, आणि मग आजार की ताण हे ओळखणे आणखी अवघड होते.

किती दिवस लागतील, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. मांजरांचे काम करणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात. तो मी नियम मानत नाही, पण तुमच्या मांजरीची चाल त्याच्या पुढेच आहे. पुढचे आठ दिवस पोटाला कोणीही हात लावायचा नाही, ती जवळ आली तर वाकायचे नाही, आणि ती उठून गेली तर तिच्या मागे जायचे नाही, एवढे घरातल्या सर्वांनी पाळावे. रोज रात्री एक मिनिटाचे चित्रण करा आणि लघवी, खाणे, फिस्कारणे यांची दोन ओळींत नोंद ठेवा. नवव्या दिवशी काय दिसले ते मला कळवा, विशेषतः सासूबाई खुर्चीत बसलेल्या असताना ती ताटलीपाशी यायला किती वेळ घेते, आणि खाऊन झाल्यावर पलंगाखाली पळते की तिथेच बसून तोंड पुसते, ते.